सुंठीचा माणूस

बंगळुरात बसवनगुडीतल्या थोरल्या भावाच्या, श्रीधररावांच्या, घरी वसुमती राहायला आली तेव्हा तिच्यापाशी इंटर पास झाल्याचा आनंद होता. त्या आनंदाचं काय करायचं, हे मात्र घरात कुणालाच माहीत नव्हतं. भावजयीने, सरस्वतीबाईंनी, तिला पापड लाटायला बसवलं. पापड पातळ व्हायचे, खुसखुशीत व्हायचे, फक्त गोल होत नसत.

तिची सुटका भाच्यांनी केली. सहा वर्षांची विमला छडीला घाबरून शाळेतून परत आली होती, आणि पाच वर्षांचा प्राणेश पहिल्याच तासाला डबा खाऊन संपला म्हणून उठून घरी चालत आला होता. तेव्हापासून मागच्या पडवीत रोज सकाळी वसुमतीची शाळा भरू लागली. त्या दोन तासांत तिला कुणी हाक मारत नसे. चिंचेच्या झाडाची सावली फरशीवर सरकत यायची, मुलं सावलीच्या कडेला खडूने रेघ ओढायची, आणि वसुमतीला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

सत्तावन्न सालच्या डिसेंबरात श्रीधरराव नव्याकोऱ्या विधानसौधेतल्या कचेरीतून संध्याकाळी घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "वसू, जानेवारीत कॅन्टोन्मेंटच्या शाळेत नावं घालायची म्हणतो."

"अण्णा, शिकतायत की घरी."

"काय शिकतायत? काल प्राणेशला विचारलं, तीन आणि दोन किती? म्हणाला, कशाचे?"

"बरोबरच विचारलं त्याने."

"नाताळच्या सुट्टीत घरीच आहे मी. बसून बघतो काय येतं ते. नाही आलं, तर कॅन्टोन्मेंट."

म्हणजे पुन्हा पापड. वसुमती रात्रभर कूस बदलत राहिली.

दुसऱ्या दिवशी सरस्वतीबाईंबरोबर ती आणि विमला शिवाजीनगरला परकराचं कापड आणायला गेल्या. तिथल्या एका बेकरीच्या काचेआड नाताळसाठी तपकिरी बिस्किटाची माणसं मांडली होती. हात पसरलेले, बेदाण्यांचे डोळे. विमलाने काचेला नाक लावलं. दारातून आल्याचा आणि गुळाचा ऊबदार वास येत होता.

"चला, चला!" सरस्वतीबाईंनी पदर नाकाला लावला. "अंडं असतंय त्यात."

"अंडं काढलं तर काय उरतं, वहिनी?"

"पाप उरतं."

पण वसुमतीचा हिशेब बसमध्येच झाला होता. उरते कणीक, गूळ आणि सुंठ. सुंठ तर घरात बरणीभर होती. मुलांना पडसं झालं की चाटवायची, आणि मुलं ती दिसली की पलंगाखाली जायची.

तीच मुलं आता सुंठ कुटायला भांडू लागली. वाटीने कणीक मोजली, अर्ध्या वाटीने गूळ. तीन आणि दोन किती, हे प्राणेशला लगेच आलं, कारण आता ते बेदाणे होते आणि सहावा त्याने खाल्ला होता. माणसाचा उजवा हात कुठला, यावर वाद झाला, म्हणून वसुमतीने प्राणेशला फरशीवर उताणा निजवला. विमला त्याच्याभोवती फिरून उजवा, डावा, डोकं, पाय सांगत होती. मग त्याचं डोकं कुठल्या दिशेला आहे, हा धडा सुरू झाला. तो अर्धा झाला आणि प्राणेश झोपला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी लोखंडी कढईत वाळू तापवली, वर झाकण, झाकणावर निखारे. त्याआधी कणकेत सोडा घालायचं काम सरस्वतीबाईंनी आपल्याकडे घेतलं. "स्वल्प घालते," म्हणत त्यांनी मूठ उघडली.

झाकण काढलं तेव्हा माणसं फुगली होती. हात पोटात गेले होते, तोंडं लांबच लांब झाली होती. वसुमतीने ती केळीच्या पानावर ओळीने निजवली आणि डोळ्यांतलं पाणी धुरावर ढकललं. समोर पाट मांडून श्रीधरराव बसलेच होते.

नेमके तेव्हाच भीमाचार्य आले. हे श्रीधररावांचे चुलते, सोवळ्याओवळ्यातला घरातला शेवटचा शब्द. पान बघून ते उंबऱ्यातच थांबले.

"हे काय?"

"सुंठीची माणसं, आजोबा," विमला म्हणाली.

"यज्ञात पिठाचा पशू करतात, त्याला शास्त्र आहे. पिठाचा माणूस कुठल्या शास्त्रात गं, वसू?"

विमलाने एक उचलून त्यांच्या चष्म्यापुढे धरला. "पण हा घोडा झालाय."

भीमाचार्यांनी निरखून पाहिलं. सुंठ-गुळाचा वास त्यांच्याही नाकापर्यंत पोचला असावा. "तोंड घोड्याचं आहे खरं," ते सावकाश म्हणाले. "पशू म्हणायला हरकत नाही." मग एकदम ओरडले, "अय्यो! पण निजवलेत कसे? सगळ्यांचे पाय दक्षिणेला! घरात ओळीने प्रेतं मांडल्यासारखी!"

सरस्वतीबाईंनी कपाळाला हात लावला. "आता सगळ्यांना आंघोळ. वन्सं, मी म्हटलं नव्हतं?"

श्रीधररावांचा चेहरा कॅन्टोन्मेंटकडे वळलेला वसुमतीला स्पष्ट दिसला.

प्राणेश उठला. त्याने दोन्ही हातांनी पान धरलं, जीभ बाहेर काढून हळूच फिरवलं आणि पुन्हा बसला.

"झालं. आता डोकं पूर्वेला."

भीमाचार्यांनी सूर्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं. "पूर्वेला डोकं करून निजावं," ते म्हणाले. "विद्या येते." आणि पाटावर बसून त्यांनी हात पुढे केला.

श्रीधरराव मुलाकडे बघत होते. "पूर्व कशी कळली रे तुला?"

"इडली-दोशाच्या हॉटेलाकडं. सूर्य तिथनंच येतो."

"आणि पश्चिम?"

प्राणेशने आत्याकडे पाहिलं. "ती अजून शिकवली नाही."

भीमाचार्यांना हसताना ठसका लागला, सुंठीचा. श्रीधररावांनी एक घोडा उचलला, त्याचा पाय मोडून तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला.

"सरी, ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "पश्चिम होईपर्यंत राहू देत घरी."

पश्चिम शिकवायला एक दुपार पुरली असती. वसुमतीने ती जूनपर्यंत पुरवली.