फायलीवरचं नाव

ज्या दिवशी वैद्य मॅडम गेल्या, त्या दिवशी आमच्या तंत्रनिकेतनात प्रात्यक्षिक परीक्षा होती. मी ती घेतली, त्यांनीच तयार केलेल्या फायलींवर.

आम्ही दोघं नेटवर्किंग शिकवायचो. खऱ्या यंत्रांऐवजी पडद्यावर संगणकांचं जाळं जोडून पाहायचं जे सॉफ्टवेअर आम्ही वापरतो, त्याची नवी आवृत्ती या आठवड्यात आली. तिच्यात एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या निरोपाचा वेग कमी करून त्याचा सगळा प्रवास पाहता येतो. आणि फाइल उघडली, की वर ती करणाऱ्याचं नाव येतं.

"सर, या वैद्य मॅडम कोण?" परवा वर्गात कोमलनं विचारलं. "तुमची सगळी प्रॅक्टिकल्स त्यांनीच केलीत की काय?"

वर्ग हसला.

"होत्या एक सहकारी," मी म्हणालो.

मॅडमनी तयार केलेल्या प्रयोगांच्या पुस्तिकेवर मी फक्त माझं नाव छापलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "असू द्या हो सर, मुलांना येतंय ना?" त्या वाक्याच्या आडोशाला मी इतकी वर्षं बसलो.

प्रत्येक निरोप पाठवणाऱ्याचा पत्ता सोबत घेऊन निघतो, नाहीतर उत्तर कुणाकडे परत जाणार? हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. मॅडमकडे जे परत जायला हवं होतं, ते मी वाटेत ठेवून घेतलं.

फायलीवरचं नाव पुसायचीही सोय आहे. ती कुठे आहे, हे मी आधीच पाहून ठेवलं होतं.

आज वर्गात म्हटलं, "कोमल, सगळी त्यांनीच केलीत." कुणी हसलं नाही.

मॅडम नाहीत. फायली आहेत, आणि त्यांवर त्यांचं नाव आहे.