जर्मनच्या बाई आणि कोरा अर्ज

एकोणीस वर्षं जर्मन शिकवणाऱ्या बाईंना आज वर्गात बसवत नव्हतं. त्यांच्या सरकारी शाळेत यापुढे जर्मन किंवा जपानी, एकच परदेशी भाषा राहणार होती. पालकांचे पसंतीअर्ज दुपारपर्यंत द्यायचे होते, आणि जर्मन गेलं की बाईंची नोकरीही जाणार होती. याच शाळेत शिकणाऱ्या लेकीचा अर्ज पर्समध्ये कोराच होता.

"आई, मला जपानीच हवंय. घरी जर्मनमधून बोलणी खाते तेवढी पुरेत," असं लेकीने सकाळीच सुनावलं होतं.

मुख्याध्यापकांच्या दारापर्यंत बाई तीनदा जाऊन परतल्या. चौथ्यांदा भिंतीला कागद टेकवून त्यांनी जपानीवर खूण केली, सही ठोकली.

मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला. "बाई, तुम्हीसुद्धा?"

"लेकीचा अर्ज आहे, सर. माझा कुणी मागितलाय कुठे?"