भट्टी सुकवायचा प्रश्न

नागपूरहून लायब्ररीची परीक्षा पास होऊन आले आणि भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या तांत्रिक लायब्ररीत मला नोकरी लागली. कारखाना अजून उभा राहत होता. दोन महिने झाले नाहीत तोच साहेब म्हणाले, "मंगळवारपासून ट्रेनी लोकांना तासभर शिकवा. पुस्तक कसं शोधायचं, ते."

पुस्तकं बहुतेक इंग्रजी, पुष्कळशी रशियनवरून भाषांतर झालेली. त्यांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. कोणी काही विचारलं तर? बाबा कारखान्याच्या रेल्वे यार्डात खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे मदतनीस, होते. मी घरी पाठांतर करत बसलेली पाहून म्हणाले, "कावून एवढी घाबरून राहिली वं? तू त त्याइले पुस्तक दाखवाले चालली, भट्टी पेटवाले नाही."

मंगळवारी बाकांवर वीसेक जण. मी कार्डांचे खण उघडून दाखवले: लेखकाचं कार्ड, पुस्तकाच्या नावाचं, विषयाचं. पाठ केलेलं सगळं दहा मिनिटांत संपलं. तेवढ्यात मागून एक वयस्क गवंडी उठले. जामुलकडचे, भट्टीच्या आत विटा बसवायचं काम शिकायला आलेले.

"बेटी, नई भट्टी को इतने दिन धीमी आँच पर काहे रखते हैं?"

काहीतरी ठोकून द्यावं, असं क्षणभर वाटलं. मग तोंडून निघून गेलं, "मुझे नहीं मालूम, काका. चलिए, ढूँढते हैं."

सगळे खणांभोवती जमले. 'फर्नेस'खाली कार्डंच कार्डं. 'हीटिंग'खाली भलतंच. एकजण म्हणाला, सुकवणं या शब्दाखाली बघू. तिथे एकच कार्ड, त्यावर दुसऱ्या विषयाकडे जा असं लिहिलेलं. तिकडे गेलो तर पुस्तकाचा नंबर मिळाला. नंबरावरून कपाट सापडलं, कपाटातून एक जाडजूड पुस्तक निघालं, आणि त्याच्या शेवटच्या सूचीत हवं ते पान. इंग्रजी येणाऱ्या एका ट्रेनीने वाचून हिंदीत सांगितलं: विटांत आणि गाऱ्यात ओल असते, एकदम तापवलं तर तिची वाफ होऊन विटा तडकतात.

"हाँ तो!" गवंडी काका हसले. "हमारे घर में नया चूल्हा भी ऐसे ही सुखाते हैं."

तास केव्हाच संपला होता. कोणी उठेना, जो तो आपापला शब्द घेऊन खण ओढत होता. मला एकाएकी फार हलकं वाटलं. सगळं माहीत असणं हे माझं कामच नव्हतं. इतके दिवस ते ओझं मी उगाच डोक्यावर घेऊन फिरत होते.

घरी सांगितलं, तसे बाबा जेवता जेवता थांबले. "मले बी येता येते का थ्या तासाले? सुट्टी घेतो."

"तुमाले काय शोधाचं हाय, बाबा?"

"थे तिथं आल्यावर पाहू."

पुढच्या मंगळवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. विचारलं काहीच नाही. सगळे गेल्यावर मात्र एकेक खण हळूच ओढून पाहिला आणि नीट परत लावला.