गोधडीत शिजणारी डाळ

परवा जुनी गोधडी उन्हात टाकताना तिच्यावरचा हळदीचा डाग दिसला आणि जळकोटचं आमचं स्वयंपाकघर आठवलं.

मी आठ वर्षांची होते. वडिलांचा पगार थांबला होता आणि गॅसची टाकी संपत आली होती. आई तुरीच्या डाळीला चांगली उकळी आणायची, मग पातेलं झाकून गोधडीत घट्ट गुंडाळून ठेवायची. जाळाशिवाय डाळ शिजते कशी, हे कोडं मला सुटेना. एके दिवशी मामा जेवायला येणार होते. आई पाण्याला गेली तशी मी गोधडी सोडून झाकण काढलं. हिंग-हळदीची गरम वाफ तोंडावर आली आणि घाईत थोडी डाळ गोधडीवर सांडलीही.

ऊब निघून गेल्यानं डाळ कच्चीच राहिली. मामांनी ती तशीच खाल्ली. ते गेल्यावर आईनं विचारलं, "उघडून बघितलीस व्हय?"

मी रडवेली होऊन मान डोलावली आणि विचारलं, "तुला हे गोधडीत शिजवायचं कुणी शिकवलं गं?"

"कुणी न्हाय. म्या बी तुझ्यावाणीच उघडून बघितली. तीनदा कच्ची राहिली, तवा कळलं." आणि ती खुदकन हसली.

तेव्हा मार चुकला एवढाच आनंद झाला. आता वाटतं, त्या ओढाताणीतही आईला आपल्या शोधाची गंमत वाटत होती, आणि त्याबद्दल विचारणारं कुणीतरी तिला पहिल्यांदाच भेटलं होतं.