नाकाबंदी सर

आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सगळं झटपट होई, अपवाद फक्त सरांचा. नाशिकभरातून आलेले गाठींचे तुकडे मी भराभर तपासून रिपोर्ट लिही, आणि ते सरांच्या टेबलावर दोन-दोन दिवस विश्रांती घेत. आम्ही कनिष्ठांनी त्यांना 'नाकाबंदी' हे नाव ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. उलट आवडायचं.

"अरे, नाकाबंदी आपल्या प्रत्येक पेशीत असते," ते सांगत. "पेशीला एकाची दोन व्हायची भारी घाई. तेव्हा एक प्रथिन आडवं येतं. म्हणतं, आधी डीएनए दाखव. बिघाड दिसला, तर दुरुस्ती होईपर्यंत पुढे सोडत नाही. दुरुस्ती जमलीच नाही, तर पेशीने मरायचं. हे प्रथिनच बिघडलं, की खराब पेशींना रान मोकळं. मग कॅन्सर." हे व्याख्यान मी निदान चाळीस वेळा ऐकलं. चहा मात्र दरवेळी मीच आणला.

एकदा मखमलाबादच्या फुलवाल्या मावशींच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा आला. दहा मिनिटांत 'कॅन्सर नाही' लिहून मी मोकळा. मावशी बाहेर ताटकळत होत्या. "साहेब, लवकर द्या ना. दसऱ्याचा झेंडू तोडायचा हाय." मला दया आली. दयेला काय, पैसे थोडेच पडतात!

सरांनी रिपोर्ट अडवला. "तुकडा केवढासा, आणि तुझा विश्वास केवढा! तो ज्या मेणाच्या ठोकळ्यात बसवलाय, त्यातून आणखी खोल काप घे."

"सर, त्या बाई थांबल्यात."

"त्यांच्या गाठीतल्या पेशी थांबल्यात का, ते बघू."

दुसऱ्या दिवशी खोल कापात कॅन्सरच्या पेशींचा बारीकसा पुंजका दिसला. माझ्या कागदावर विसंबून मावशी निर्धास्त घरी गेल्या असत्या, आणि परत आल्या असत्या त्या फार उशिरा. सर ओरडले नाहीत. नवा रिपोर्ट पुढे सरकवून म्हणाले, "सही तू कर. चूक तुझी, दुरुस्तीही तूच करायची."

ऑपरेशन वेळेवर झालं, मावशी बऱ्या झाल्या. तेव्हापासून दर दसऱ्याला त्या 'गाठ ओळखणाऱ्या डॉक्टरांना' टोपलीभर झेंडू आणतात. म्हणजे कागदावर सही असलेल्या मला. सरांना सांगितलं, तर हसून म्हणाले, "घे की. फुलं तरी कशाला अडवू?"

गेल्या वर्षी सर वारले. यंदाही मावशी आल्या. "तुमच्यामुळं जगले बघा," म्हणत माझ्या पाया पडायला वाकल्या. खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि "अहो, असू द्या" एवढंच म्हणालो. टोपली घेतली. सरांची फार आठवण आली, आणि स्वतःची लाजही वाटली.