डचांच्या जागी वलंदेज

“ड संपला,” महादूनं येऊन सांगितलं.

साल एकोणीसशे एकोणपन्नास. मी कऱ्हाडच्या एका छापखान्यात फोरमन होतो आणि प्रूफं वाचायचं कामही माझ्याकडेच होतं. महादू आमचा सगळ्यात जुना कंपोझिटर. कंपोझिटर म्हणजे एकेक अक्षर उचलून ओळी जुळवणारा माणूस. तेव्हा प्रत्येक अक्षराचा शिशाचा वेगळा खिळा असे, आणि लाकडी केसमध्ये प्रत्येक अक्षराचं वेगळं घर. आमची कामं म्हणजे लग्नपत्रिका, कुस्त्यांची हँडबिलं, शाळांच्या नोटिसा. त्यांना ड फारसा लागत नाही. म्हणून मालकांनी, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, ड बेताचेच ठेवले होते.

आणि आता हातात पुस्तक होतं सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, इतिहासाचं. त्यात डचांचं अख्खं प्रकरण.

पुस्तक लिहिणारे रंगराव हवालदार पलूसकडचे. घरचा ऊस, पलटणीतून निवृत्त. युद्धात त्यांची पलटण सिलोनला होती. तिथं मलेरियानं ते दोन महिने इस्पितळात पडले. शेजारच्या खाटेवर तिथलाच एक शाळामास्तर होता. मास्तरांचं इंग्रजी चांगलं, हवालदारांचं पलटणीपुरतं. तरी त्या दोन महिन्यांत मास्तरांनी त्यांना आपल्या बेटाचा सगळा इतिहास सांगितला. आधी पोर्तुगीज आले, मग डच, मग इंग्रज. निघताना हवालदारांनी शब्द दिला की दोन्ही देश मोकळे झाले की ही हकिकत मी माझ्या गावाला सांगेन. आपण सुटलो, पाठोपाठ सिलोनही सुटलं. हवालदार सांगायला बसले, तर गावकरी विचारत, रावणाचा वाडा बघितला का? कंटाळून त्यांनी दीड वर्ष खपून पुस्तक लिहिलं.

पंधरा दिवसांनी त्यांच्या गावात वाचनालय उघडायचं होतं. शिक्षण खात्याचे एक साहेब येणार होते. त्यांना पुस्तक पसंत पडलं तर ते शाळांच्या ग्रंथालयांत जाणार होतं. त्यामुळे आम्हाला उशीर परवडणार नव्हता.

आमची रीत अशी. आठ पानं जुळली की त्यांचा एक फर्मा करायचा, छापायचा, खिळे मोकळे करून घरांत टाकायचे आणि पुढची आठ पानं घ्यायची. पण डचांच्या फर्म्यात पाचव्या पानावरच ड संपला. तीन पानं बाकी. नवे खिळे मुंबईहून मागवायचे तर महिना गेला असता.

तात्यांनी तोडगा काढला की डच थोडे कमी करावेत. मी हवालदारांना निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी ते रेल्वेनं आले. फेटा, पलटणीचे बूट, काखेत मूळ वही. तात्यांनी त्यांना चहा दिला आणि डचांची चार पानं काढता येतील का, असं विचारलं.

“आवं तात्या, दीडशे वरसं बसली हुती ती तिथं,” हवालदार म्हणाले. “त्यास्नी काढायला इंग्रजाला तोफा लावाव्या लागल्या. मी कसा काढू?”

तात्या म्हणाले, मग नुसतं परके म्हणा. हवालदारांना ते पटेना. परके तर तिघंही होते. बेटावरच्या कँडी या डोंगरी राज्याच्या राजानं पोर्तुगीजांना घालवायला डचांना बोलावलं, हीच तर खरी मेख. तिथं ‘परक्यांना घालवायला परक्यांना बोलावलं’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काय कळणार? त्यांचं म्हणणं रास्त होतं.

मला तेव्हा एक आठवलं. शिवकाळातल्या जुन्या कागदांत डचांना वलंदेज म्हणत. हॉलंडचे म्हणून वलंदेज. त्यात ड नाही. ल आणि व आमच्याकडे पोत्यानं होते. हवालदारांनी तो शब्द दोनतीनदा म्हणून बघितला. थोरल्या महाराजांच्या वेळचा शब्द म्हटल्यावर ते एकदम राजी झाले. वहीतल्या पुढच्या सगळ्या डचांवर त्यांनी तिथंच बसून काट मारली आणि वर वलंदेज लिहिलं.

राहिली आधी जुळवलेली पाच पानं. मी महादूला सांगितलं, जिथं डच दिसेल तिथं उपट आणि वलंदेज घाल. मोकळे झालेले ड पुढं इंग्लंडला वापर. महादू चिमटा घेऊन बसला. तो लिहिणं-वाचणं शिकला होता, पण तीस वर्षं उलटी अक्षरं पाहून त्याला शब्द दिसतच नसे, खिळे दिसत. दोन दिवसांत काम झालं. मी प्रूफ बघितलं. बघितलं म्हणजे काय, प्रत्येक ठिकाणी वलंदेज नीट बसलाय ना आणि ओळ वाकडी गेली नाही ना, एवढंच बघितलं. हवालदारांकडे ऊसतोड चालू होती. त्यामुळे त्यांना प्रूफ न दाखवता मीच छापायला परवानगी दिली.

समारंभाला तात्यांनी मलाच पाठवलं. दुपारची वेळ, शाळेच्या पटांगणात मंडप, गाव बऱ्यापैकी जमलेलं. साहेबांनी फीत कापली. मग पुस्तक हातात घेऊन चार शब्द बोलले आणि नमुना म्हणून मधलंच एक पान उघडून मोठ्यानं वाचायला लागले.

“‘समुद्र ताब्यात नसल्याने कँडीच्या राजाला पुष्कळ अवलंदेजण सोसावी लागली.’”

ते थांबले. मनात पुन्हा वाचलं. मला तेव्हा उमगलं. अडचण. अ, डच, ण. महादूनं त्यातलाही डच उपटला होता.

साहेबांनी हवालदारांना विचारलं, हा शब्द इकडचा आहे का? हवालदार पुस्तकात बघत राहिले. तेवढ्यात पुढं बसलेला एक म्हातारा म्हणाला, “हाय की. आमच्या आज्जीच्या तोंडात हुता.” साहेबांनी खिशातलं पेन काढलं. त्यांना बोलीभाषेतले शब्द टिपून ठेवायचा नाद होता.

गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. शब्द साहेबांच्या वहीत गेला असता आणि मी कऱ्हाडला. पण हवालदारांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी उठलो.

“साहेब, ती अडचण आहे,” मी म्हणालो.

“कसली अडचण?”

“अडचण हीच. म्हणजे तो शब्दच अडचण आहे.”

साहेबांना काही उमगेना. मग मी ड संपल्यापासून सगळं सांगितलं. मंडपात हसू सुरू झालं. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि आणखी कुठं आहे ते शोधायला लागले. त्या पाच पानांत अशा एकूण सात अडचणी सापडल्या. हवालदारांना पलटणीतल्या रिपोर्टांमुळे अडचण हा शब्द फार सवयीचा होता. ते तेवढे हसत नव्हते. दीड वर्षाच्या मेहनतीवर गाव हसतंय, हे त्यांना लागलं होतं. मला मान वर करवेना.

मग मागून एकानं विचारलं, “पर गड्या, हे वलंदेज म्हंजी कोन?”

हवालदारांनी त्याच्याकडे रोखून बघितलं. चेष्टा नव्हती. ते सावकाश उठले. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज दालचिनीसाठी कसे आले, वलंदेजांना पाहुणे म्हणून कसं बोलावलं आणि ते मालक कसे झाले, मग इंग्रजानं डोंगरातली कँडी कशी घेतली, कॉफीचे मळे मेल्यावर चहा कसा लावला, आणि शेवटी तिथल्या लोकांनी आपला झेंडा कसा लावला, हे सगळं ते तासभर उभ्यानं सांगत राहिले. कुणी उठलं नाही. रावणाचं नाव कुणी काढलं नाही. साहेब परतीच्या गाडीची वेळ विसरून बसून राहिले.

शाळांसाठी पुस्तकं घेतो, पण आधी शुद्धिपत्र जोडा, असं साहेबांनी सांगितलं. शुद्धिपत्र म्हणजे चुकांची यादी असलेली चिठ्ठी. ती मी स्वतः जुळवली, स्वतः वाचली आणि प्रत्येक प्रतीत स्वतः चिकटवली. खळीनं बोटं आठवडाभर चिकट राहिली. तात्यांनी मुंबईला पत्र टाकून ‘ड’चे खिळे मागवले. महादूला मी दोन शब्द बोलायला गेलो, तर तो शांतपणे म्हणाला, “तुमीच म्हनला, जिथं डच दिसंल तिथं. मला तिथं दिसला.”

पुढं माझ्या हाताखाली तीन नवे कंपोझिटर तयार झाले. त्यांच्यापैकी कुणीही सगळीकडे बदल केला म्हणून सांगत आला की मी प्रूफ त्याच्यासमोर धरायचो आणि विचारायचो, सगळीकडे म्हणजे कुठं कुठं, ते मोठ्यानं वाचून दाखव. तिघांनाही याचा राग यायचा. दोघांच्या प्रूफात काहीतरी सापडायचंच. तिसऱ्याच्या प्रूफात कधी सापडलं नाही, म्हणून मी त्याचं प्रूफ दोनदा वाचून घ्यायचो.