आधीच पाहिलेला निकाल

युरोपातल्या देशांची गाण्यांची ती स्पर्धा आपल्याकडच्या वेळेनं मध्यरात्री असते, म्हणून आम्ही ती दुसऱ्या दिवशी दुपारी बघायचो. लेक पुण्याहून सुट्टीला आलेली असायची. वहीत देशांची नावं मांडून ती प्रत्येक गाण्याला बारापैकी गुण द्यायला लावायची. तिची एकच अट होती, टीव्हीवर बघेपर्यंत मोबाईलवर निकाल बघायचा नाही.

परभणीत गाण्यातला जाणकार म्हणून माझं थोडं नाव आहे. शाळेत मी पेटी वाजवतो. तर त्या वर्षी सकाळी दात घासताना मी मोबाईल उघडला आणि पहिले पाच नंबर पाठ करून टाकले, तळाला कोण तेही बघून ठेवलं.

त्या दिवशी वालूरहून सासूबाई आल्या होत्या. त्यांना मी मामी म्हणतो. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून त्या बोलायच्या आणि नात लिहायची. एका लहानशा देशाची मुलगी एकटीच उभी राहून गात होती. मामी पदर तोंडाशी धरून ऐकत राहिल्या.

"काय म्हणायलीय कळंना, पण आईला हाक मारल्यावानी वाटायलंय. बारा लिव्ह."

मी मोठ्यानं हसलो. "मामी, हे तुमचं भजनी मंडळ न्हाई. सुरांचं गणित असतं. ही शेवटून पहिली येणार."

"बरं, मग चार लिव्ह," त्या नातीला म्हणाल्या. "आमाला काय कळतंय."

पुढच्या प्रत्येक गाण्याला त्या आधी माझ्याकडं बघायच्या आणि मग आकडा सांगायच्या.

निकाल लागला. वहीतले माझे पाचही नंबर बरोबर. ती मुलगी तळाला गेली. लेक टाळ्या वाजवत म्हणाली, "बाबा, काय कान आहे तुमचा!" संध्याकाळी मामींनी शेजारणीला अंगणात बोलावून सांगितलं, "आमच्या जावयाचा कान लय तयार हाय." मी आत बसून ऐकत होतो. तेव्हाही बोलता आलं असतं. बोललो नाही.

दिवाळीत वालूरला गेलो. मामी ओसरीवर शेंगा फोडत होत्या. बायको आत होती. मी शेजारी बसून सगळं सांगून टाकलं. वाटलं, त्या हसतील आणि विषय संपेल.

त्यांनी हातातली शेंग तशीच धरली.

"तुमाला आधीच ठावं होतं, तर मला कामून हसलात?"

लेकीसमोर जाणकार दिसायचं होतं, एवढंच खरं होतं, आणि ते तोंडातून निघेना. त्यांनी शेंगदाण्याचं ताट माझ्याकडं सरकवलं. "खा," म्हणाल्या.

पुढच्या वर्षी त्या पुन्हा आल्या, सगळी गाणी मन लावून ऐकली. लेकीनं वही पुढं केली तेव्हा मात्र म्हणाल्या, "माझं नगं लिवूस बाई. मी नुसती ऐकते."

मी वहीत डोकं खुपसून बसलो.